दख्खनचा हिरवा स्फटिक

महाराष्ट्राच्या इतिहासांत दगडाला जेवढें महत्त्व आहे तेवढें दुसऱ्या एखाद्या निर्जीव वस्तूला क्वचितच असेल. आमचीं लेणीं दगडांत कोरलेलीं, आमचे किल्ले दगडावर उभारलेले. नद्यांचे घाट, देवळांचीं शिखरें, वाड्यांचे चौथरे आणि शेतांच्या ताली याहि दगडाच्याच. या देशाच्या कठीणपणाचें वर्णन परक्या प्रवाशांनीं केलें, तसें आमच्या कवींनींहि केलें. आणि येथील माणसांचा स्वभाव दगडावरूनच सांगण्याची एक पद्धतच पडून गेली. परंतु ज्या दगडाचा आपण इतका अभिमान बाळगतों त्याच्या पोटांत काय आहे, हें विचारण्याची बुद्धि आपणांस फार उशिरां झाली. या काळवत्री दगडाच्या पोकळींत हिरव्या रंगाचा, पाण्यासारखा पारदर्शक, चौकोनी अंगाचा आणि टोंकाशीं निमुळता होत गेलेला एक स्फटिक सांपडतो. शास्त्रांत त्याचें नांव ॲपोफिलाइट. जगांतील खनिजसंग्राहक त्याला पुण्याच्या नांवानें ओळखतात. खुद्द पुण्यांत मात्र तें नांव ऐकलेला सुशिक्षित मनुष्य शोधावयास बरेच हिंडावें लागेल. या स्फटिकाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि त्या निमित्तानें आपल्या पाहण्याच्या व नोंद ठेवण्याच्या संवयीचाहि थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्फटिकाचें जन्मस्थान पाहूं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहूं लागला. त्याचे थरावर थर सांचले, आणि झीज होऊन आज जें शिल्लक राहिलें आहे तेंहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. सह्याद्रीचे कडे दुरून पाहिले असतां हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. यूरोपांतील भूशास्त्रज्ञांनीं अशा खडकाला जें ‘ट्रॅप’ असें नांव दिलें, तें पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलें आहे. लाव्हारस निवूं लागला म्हणजे त्यांत कोंडलेले वायु बाहेर पडूं पाहतात. आंबोळी तव्यावर घातली असतां तिला जशी जाळी पडते, तशीच जाळी या थरांच्या माथ्याला पडते. जाळीचीं छिद्रें बहुधा वाटाण्याएवढीं असतात. परंतु कोठें कोठें तीं एकमेकांस मिळून हंड्याएवढी, क्वचित् माणूस आंत शिरूं शकेल एवढीहि पोकळी तयार होते.

या रिकाम्या खोल्यांत पुढें कोट्यवधि वर्षें पाणी झिरपत राहिलें. वरच्या थरांच्या भाराखालीं आणि भूगर्भांतील उष्णतेनें तापलेलें हें पाणी खडकांतील चुना, वाळूचें द्रव्य, पालाश इत्यादि पदार्थ विरघळवून नेई, आणि पोकळींत आल्यावर स्फटिकांच्या रूपानें टाकून देई. पोकळीच्या भिंतीवर पुष्कळदां प्रथम हिरव्या मातीचें पातळ अस्तर चढे. त्यावर अकीकाच्या जातीचा थर बसे. नंतर हूलंडाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट वगैरे झिओलाइट वर्गांतील खनिजें येत. स्टिल्बाइटाचे स्फटिक मध्यें आवळून बांधलेल्या पेंढीसारखे दिसतात. स्कोलेसाइट सुयांच्या जुडग्यासारखा असतो. या पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी पेंढ्यांवर ॲपोफिलाइटाचे चौकोनी स्फटिक बसलेले असतात. त्यांपैकीं कांहीं तर लाव्हारस थंड झाल्यानंतर कित्येक कोटि वर्षांनीं तयार झाले आहेत, असें आधुनिक कालमापनावरून दिसतें.

ॲपोफिलाइट हा झिओलाइटांच्या पंक्तींत बसत असला तरी त्यांच्या कुळांतील नव्हे. पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि फ्लुओरिन यांच्या संयोगांत पाण्याचे कण अडकून तो बनतो, आणि त्याची अंतर्रचना पापुद्र्यांची असते. त्यामुळें आडव्या दिशेनें त्याचा छेद अगदीं सहज आणि सरळ निघतो, व छेदलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी झळाळी दिसते. कठीणपणांत तो कांचेहून थोडा मऊच; चाकूच्या टोंकानें त्यावर ओरखडा उठतो. बहुतेक ठिकाणीं तो बिनरंगी किंवा पांढरा आढळतो. दख्खनच्या कांहीं पोकळ्यांत मात्र त्याला कोंवळ्या पोपटी रंगापासून गर्द हिरव्या रंगापर्यंत छटा येते. हा रंग कोठून आला या प्रश्नाचें उत्तर पुढें यथास्थलीं येईल.

आतां कोणी विचारील कीं, ज्या लोकांनीं दोन हजार वर्षें हाच खडक फोडला, कोरला आणि गुळगुळीत केला, त्यांच्या दृष्टीस हा स्फटिक पडला नसेल काय? पडला असलाच पाहिजे. पोकळींतील इतर वस्तु त्यांनीं उत्तम ओळखल्या होत्या, याला प्रमाण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांत, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणाहून गोमेदाच्या जातीचा पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांनीं भडोचला येत असे, असें सांगितलें आहे. हा दगड अर्थात् याच खडकाच्या पोकळ्यांतला. तीच गोष्ट अजिंठ्याची. तेथील चित्रकारांचा निळा रंग दूर देशाहून आणलेल्या राजावर्ताचा; परंतु हिरवा रंग घरचाच, म्हणजे पोकळ्यांना अस्तर लावणाऱ्या त्या हिरव्या मातीचा. लेणें ज्या खडकांत कोरलें, त्याच जातीच्या खडकानें त्याच्या भिंती रंगविण्यास रंग पुरविला, ही गोष्ट लेण्याचें वर्णन करणाऱ्यांनीं विशेष लक्षांत घेतली पाहिजे.

तेव्हां आमच्या पूर्वजांना डोळे नव्हते असें म्हणतां येत नाहीं. त्यांची दृष्टि उपयोगाकडे होती, एवढेंच. अकीकाचा मणि होतो, मातीचा रंग होतो. ॲपोफिलाइटाचें काय करावयाचें? त्याला भोंक पाडूं गेलें तर तो पापुद्र्यांत फुटतो, पैलू पाडले तर ते टिकत नाहींत, विस्तवाजवळ नेला तर पाणी सोडून पांढरा पडतो. आमच्या रत्नशास्त्राला हिरवें रत्न ठाऊक होतें. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोतीं आणि माणिक यांच्याबरोबर मरकताचीहि परीक्षा दिली आहे. परंतु जें अंगावर घालतां येत नाहीं, औषधांत उगाळतां येत नाहीं आणि देवाला वाहतां येत नाहीं, त्या वस्तूला त्या शास्त्रांत स्थान नव्हतें. म्हणून आमच्या भाषेंत या स्फटिकाला नांवच नाहीं. ‘गारगोटी’ हा शब्द आपण चकमकीच्या दगडापासून ओढ्यांतील पांढऱ्या खड्यापर्यंत सर्वांस सारखाच लावतों, आणि त्यांतच हाहि येऊन जातो.

निरुपयोगी वस्तूला नांव देण्याची हौस अठराव्या शतकांत यूरोपांत उत्पन्न झाली. १७५६ सालीं स्वीडनमधील क्रोन्स्टेट या खनिजवेत्त्यानें एक दगड फुंकणीच्या ज्योतींत धरला असतां तो उकळल्यासारखा फुगतो असें पाहिलें, आणि ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्या वर्गाला ‘झिओलाइट’ असें नांव दिलें. पुढें १८०० सालीं त्याच देशांतील ऊटो बेटावरच्या खाणींत मिळालेल्या एका खनिजाचें वर्णन जोझे बोनिफासिओ द आंद्रादा या विद्वानानें प्रसिद्ध केलें. छेदाच्या पृष्ठावरील झळाळी पाहून त्यानें त्याला ‘माशाचा डोळा’ अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. हाच आपला ॲपोफिलाइट. आंद्रादाचें चरित्र मोठें विलक्षण आहे. तो ब्राझिलांत जन्मला, पोर्तुगालच्या सरकारनें त्याला खाणींच्या अभ्यासासाठीं यूरोपभर पाठविलें, आणि १८२२ सालीं ब्राझिल स्वतंत्र झालें त्या वेळीं त्या स्वातंत्र्याच्या शिल्पकारांत त्याची गणना झाली. त्यानेंच वर्णिलेल्या पेटलाइट या दुसऱ्या खनिजाचें पृथक्करण करतांना १८१७ सालीं लिथियम या मूलद्रव्याचा शोध लागला. संग्राहकाचा छंद हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

‘माशाचा डोळा’ हें नांव फार दिवस टिकलें नाहीं. स्फटिकशास्त्राचा जनक मानला जाणारा फ्रेंच पंडित आऊई यानें १८०६ सालीं नवें नांव योजिलें. तापविला असतां या खनिजाचे पानासारखे पापुद्रे सुटतात, म्हणून ‘ॲपोफिलाइट’. आणि हेंच नांव रूढ झालें. अलीकडे शास्त्रज्ञांनीं त्यांतहि पोटभेद पाडले असून फ्लुओरिनाचें आधिक्य असलेल्या प्रकारास ते फ्लुअर-ॲपोफिलाइट म्हणतात. दख्खनचा हिरवा स्फटिक याच प्रकारांत मोडतो.

यूरोपांत नांवांचा हा उद्योग चालला असतांना इकडे १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि पुण्याभोवतालचे डोंगर नव्या राज्यकर्त्यांच्या हातीं आले. त्यांच्यांतील कांहीं अधिकारी तलवारीइतकीच हातोडीचीहि हौस बाळगणारे होते. कर्नल विल्यम साइक्स याची १८२४ सालीं एल्फिन्स्टनच्या सरकारनें दख्खनच्या सांख्यिक पाहणीवर नेमणूक केली. तें काम करतां करतां त्यानें पक्षी, मासे, पिकें यांबरोबर खडकांच्याहि नोंदी केल्या, आणि शेंकडों मैल आडव्या पसरलेल्या या थरांचें वर्णन लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढें मांडलें. याच सुमारास पुण्याहून नेलेलें एक तंतुमय खनिज हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज स्फटिकवेत्त्याच्या हातीं आलें. तें ॲपोफिलाइटाच्या संगतींत सांपडलें होतें. तें नवें आहे असें समजून त्यानें १८३१ सालीं त्याला ‘पूनाहलाइट’ असें नांव दिलें. पुढें तें खनिज नवें नसून आधींच ठाऊक असलेल्या तंतुमय झिओलाइटांपैकींच आहे असें ठरलें, आणि नांव मागें पडलें. तथापि पेशवाई जाऊन पुरतीं पंधरा वर्षें झालीं नाहींत तोंच पुण्याचें नांव खनिजांच्या कोशांत जाऊन बसलें, ही गोष्ट आमच्या एकाहि बखरकाराला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी तिचें त्याला महत्त्व वाटलें नसतें.

विदर्भांतहि असाच एक शोधक होता. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचाराबरोबर भूगर्भाचा अभ्यास करीत असे. त्याच्या नांवावरून ‘हिस्लॉपाइट’ हें नांव मिळालेला एक गवतासारखा हिरवा चुनखडीचा स्फटिक नागपूरजवळच्या टाकळीचा आहे. त्याचा हिरवेपणा त्यांत मिसळलेल्या हिरव्या मातीचा. १८६३ सालीं टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येतांना पुराच्या पाण्यांत हिस्लॉपचा अंत झाला. त्याच्या धर्मकार्याविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. ज्या मातींत आपण राहतों तिची चौकशी करतांना प्राण गमावणारा मनुष्य आदरास पात्र आहे, याबद्दल दुमत होणार नाहीं.

परंतु या सर्वांनीं दगडाचें पोट वरवर चांचपलें होतें. तें खरोखर फाडलें तें आगगाडीनें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि लगेच बोरघाट चढून पुण्यास कसें जावयाचें हा प्रश्न पुढें आला. १८५६ सालीं काम सुरू झालें तें १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें १६ मैलांत १८३१ फूट चढण, आणि त्यासाठीं सह्याद्रीच्या अंगांतून खोदलेले २५ बोगदे! १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर या घाटांत राबत होते. पटकीच्या सांथींत त्यांच्यापैकीं किती मेले याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाहीं. ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार विलायतेहून येतांच थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या विधवेनें कंत्राट पुरें करून दाखविलें. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले हाहि काम पुरें झालेलें पाहण्यापूर्वींच, १८६२ सालीं, मरण पावला. त्याच खोदाईंत अनेक पोकळ्या उघड्या पडल्या आणि स्फटिकांचीं जीं दालनें सहा कोटि वर्षांच्या इतिहासांत कोणीं पाहिलीं नव्हतीं तीं सुरुंगाच्या धुरांतून बाहेर आलीं. त्यांतील उत्तम नमुने इंग्लंडांतील संग्रहांत गेले. अशा जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर डोंगराच्या नांवाबरोबर रेल्वे कंपनीचेंहि नांव असे. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. चिठ्ठीचा विचार आपणांस पुढें करावयाचा आहे.

बोरघाटानंतर सुमारें शंभर वर्षें या विषयांत फारशी गडबड झाली नाहीं. १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें खडकांचे नकाशे काढले. त्या खात्याच्या ग्रंथमालेंत १८८७ सालीं मॅलेट यानें हिंदुस्थानच्या खनिजांचा स्वतंत्र खंड लिहिला. महाविद्यालयांच्या कपाटांत कांहीं नमुने येऊन बसले, आणि विद्यार्थ्यांनीं परीक्षेपुरती त्यांची ओळख करून घेतली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चित्र पालटलें. शहरें वाढलीं, धरणें व सडका झाल्या, आणि सिमेंट-काँक्रीटासाठीं खडीची मागणी बेसुमार वाढली. पुणें, नाशिक, जळगांव, औरंगाबाद, मुंबई या सर्वांच्या शिवेवर दगडखाणी सुरू झाल्या. पुण्याच्या पश्चिमेस पाषाण नांवाचें गांव आहे. दगडाच्याच नांवाच्या या गांवच्या टेकडींतील खाणींनीं हिरव्या ॲपोफिलाइटाला जगभर कीर्ति मिळवून दिली. पांढऱ्या स्टिल्बाइटाच्या पेंढ्यांवर बसलेले, टोंकदार, कांचेसारखे स्वच्छ आणि पाचूची आठवण करून देणारे हे स्फटिक अमेरिकेच्या व यूरोपच्या बाजारांत पोंचले तेव्हां संग्राहक थक्क झाले. १९७४ सालीं जॉर्ज रॉसमन या कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञानें पुण्याच्या स्फटिकांतून प्रकाश पाठवून कोणते किरण शोषले जातात याचें मापन केलें. त्यावरून हिरवेपणाचें मूळ उमगलें. स्फटिकांत व्हॅनेडियम या धातूचा अत्यल्प अंश असतो, आणि तेवढ्यानें सगळा स्फटिक रंगतो. हा धातु काळ्या दगडांत सर्वत्र किंचित् किंचित् विखुरलेला असतो. पाण्यानें तो वेंचून एखाद्या पोकळींत नेला कीं तेथील स्फटिक हिरवा होतो, आणि शेजारच्या पोकळींतला बिनरंगीच राहतो. १९७६ सालीं रॉक करिअर या अमेरिकन व्यापाऱ्यानें ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकांत दख्खनच्या झिओलाइटांच्या धंद्यावर लेख लिहिला, आणि जी गोष्ट थोड्यांना ठाऊक होती ती सर्वांना ठाऊक झाली.

याच धातूची दुसरी करामत पुण्याच्या पूर्वेस वाघोलीला दिसली. कॅव्हन्साइट नांवाचें एक गर्द निळें खनिज प्रथम अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत सांपडलें होतें. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव बनविलें आहे. ऑरेगनमध्यें त्याचे कण अगदीं बारीक होते. १९८८ च्या सुमारास वाघोलीच्या खाणींत त्याचे फुलांसारखे गुच्छ निघूं लागले, आणि जगांतील संग्रहालयांत जे उत्तम नमुने आहेत ते बहुतेक तेथलेच. पुढें २००१ सालीं राहुरीजवळ मोमीन आखाडा येथें, तेव्हांच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, विहीर खणतांना हिरव्या ॲपोफिलाइटाची एक अपूर्व पोकळी लागली. तींतील स्फटिक एका बिंदूपासून चहूंकडे फांकून गोलाकार झालेले होते, आणि उजेडांत फिरविले असतां त्यांच्या प्रत्येक टोंकावरून प्रकाश चमकत असे. विहीर खणणारा पाण्याची वाट पाहतो. त्याला हें मिळालें!

हे सर्व उत्तम नमुने बहुतांशीं परदेशीं गेले. लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आणि शेंकडों खासगी दिवाणखान्यांत ते आज आहेत. यावर आपल्याकडील कित्येकांची पहिली प्रतिक्रिया संतापाची असते: परक्यांनीं आमची संपत्ति लुटून नेली! हा संताप समजण्यासारखा आहे. परंतु तो तपासून पाहिला पाहिजे.

खाणीचा हिशेब ब्रासवर होतो. सुरुंग उडाला, दगड मोकळा झाला, घणानें फोडला, यंत्रांत घातला, खडी झाली, इतके ब्रास भरली, इतके पैसे आले. या हिशेबांत पोकळीला जागा नाहीं. उलट जाळीचा दगड ठिसूळ, म्हणून तो नावडताच. ज्या पोकळ्यांकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं त्यांतील स्फटिकांची खडी झाली, आणि ते आज आपल्या सडकांखालीं व इमारतींच्या खांबांत गाडले गेले आहेत. त्यांची संख्या परदेशीं गेलेल्यांच्या कित्येक पट असली पाहिजे. जे वांचले ते कोणीतरी किंमत देण्यास तयार होता म्हणून वांचले. संग्राहकाचा लोभ, मध्यस्थाचा नफा आणि वडाराच्या हाताची दोन रुपयांची जादा मिळकत, या तिहींच्या संगमामुळें आज आपणांस हे स्फटिक निदान चित्रांत तरी पाहावयास मिळतात. ज्या वस्तूची आपण खडी करीत होतों ती दुसऱ्यानें उचलली, तर चोरीची फिर्याद कोणत्या तोंडानें करावयाची?

मग कांहींच हानि झाली नाहीं काय? झाली, आणि मोठी झाली. परंतु ती वेगळ्या ठिकाणीं. एखाद्या नाण्याचा इतिहासकाराला उपयोग होतो तो तें कोठें, कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं सांपडलें हें ठाऊक असेल तेव्हां. सराफाच्या पेटींतून आलेलें नाणें सोन्याच्या भावानें विकलें जाईल, पण साक्ष देणार नाहीं. स्फटिकाचेंहि तसेंच आहे. तो कोणत्या थरांतला, किती खोलीवरचा, त्याच्याखालीं कोणतें खनिज होतें आणि वर कोणतें, हें ठाऊक असेल तर त्यावरून पाण्याचा मार्ग, उष्णता, काल यांचें अनुमान करतां येतें. हें ठाऊक नसेल तर तो केवळ एक सुंदर खडा. आणि पुष्कळ नमुन्यांच्या बाबतींत तें ठाऊक नाहीं. खाण गुप्त ठेवण्यांत मध्यस्थाचा फायदा असे. म्हणून नाशिकचा असो, जळगांवचा असो कीं पाषाणचा असो, चिठ्ठीवर ‘पूना’ हा एकच शब्द पडे. पुण्याचें नांव जगभर झालें याचा आनंद मानावा, तर तें नांव खोट्या साक्षीवर चढलें आहे याचें वाईटहि वाटतें.

बोरघाटच्या चिठ्ठ्या या दृष्टीनें बऱ्या होत्या. त्यांवर एका ठराविक रेल्वेमार्गाचें नांव आहे; तो मार्ग आजहि आहे, आणि त्याच्या कडेनें चालत जाऊन तो थर शोधतां येतो. परंतु त्या चिठ्ठ्यांतहि एक उणीव आहे. देणाऱ्याचें नांव असतें, संग्रहाचें असतें, क्वचित् साहेबाच्या हुद्द्याचेंहि असतें. ज्याच्या हाताला तो स्फटिक पहिल्यानें लागला त्या मजुराचें नांव कोणत्याच चिठ्ठीवर नाहीं. पोकळींत हात घालून, स्फटिकाचें टोंक मोडूं न देतां तो बाहेर काढणें हें कसब आहे. वडार समाजांतील माणसांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या मिळविलें. दगडाचा आवाज ऐकून आंत पोकळी आहे कीं नाहीं हें ते सांगतात. त्यांची ही विद्या कोणीं लिहून घेतली नाहीं.

आतां पाषाणच्या खाणी शहराच्या पोटांत गेल्या आहेत. जेथें सुरुंग उडत होते तेथें वस्ती झाली आहे. खाणी बंद झाल्या याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. टेकडी राहिली तर तीहि संपत्तीच आहे. परंतु एका खाणीचें दार बंद झालें म्हणजे तिच्यांतील प्रत्येक नमुन्याची साक्ष तेवढीच उरते, जेवढी चिठ्ठीवर लिहिली असेल. सिन्नर येथें खासगी प्रयत्नानें उभारलेलें ‘गारगोटी’ नांवाचें खनिजसंग्रहालय आहे. आमच्या भाषेंतला तोच तुच्छतेचा शब्द तेथें अभिमानानें दारावर लावला आहे, ही गोष्ट समाधानाची होय. पण एका संग्रहालयानें हें काम होणारें नाहीं, आणि तें होण्यास फार पैसाहि नको.

महाराष्ट्रांत दर उन्हाळ्यांत असंख्य विहिरी खणल्या जातात, रस्त्यांसाठीं डोंगर कापले जातात, बोगदे पाडले जातात. त्यांतील प्रत्येक ठिकाणीं बोरघाटाची पुनरावृत्ति होत असते, फक्त पाहणारा नसतो. दर तालुक्याला आज महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या अध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यांस एवढेंच शिकवावें कीं, विहिरींतून निघालेल्या दगडांत स्फटिक दिसला तर तो फोडूं नये, विकला तरी हरकत नाहीं. परंतु आधीं एका कागदावर गांवाचें व शेताचें नांव, जमिनीपासूनची खोली, बरोबरच्या खनिजांचें वर्णन आणि सांपडल्याची तारीख लिहून ठेवावी. त्याच कागदावर, सर्वांच्या वर, ज्यानें तो काढला त्या माणसाचें नांव असावें. ती नोंद महाविद्यालयांत राहील. स्फटिक मग कोठेंहि जावो.